धागा कुठवर आला?



आज तुम्ही मोबाइल हातात घेता, काचेवर बोट फिरवता आणि क्षणात बातमी, नकाशा, परीक्षेचा निकाल, हवे ते समोर येते. इंटरनेट 'जोडावे' लागते, ही गोष्ट तुम्हांला नवलाची वाटेल. पण वीस वर्षांपूर्वी ते खरोखरच जोडावे लागत असे. त्या जोडणीची एक हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. तिच्यातील यंत्रांची नावे विसरलात तरी चालेल. तिच्यातील रीत मात्र लक्षात ठेवा.

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ते सुरू केले. पुढची कित्येक वर्षे ते घरोघरी आले ते टेलिफोनच्या तारेतून. ही तार मूळची माणसांच्या बोलण्यासाठी. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने असलेले आवाज तेवढे तिच्यातून नीट जात. संगणकाची भाषा निराळी. त्याला शून्य आणि एक हे दोनच आकडे कळतात. मग तारेतून त्याने बोलावे कसे? त्यासाठी मध्ये एक दुभाषा बसवीत. त्याचे नाव मोडेम. मोडेम आकड्यांचे आवाज करी आणि तारेत सोडी. पलीकडचा मोडेम त्या आवाजांचे पुन्हा आकडे करी. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि या तासाला मराठी वाचता. तेव्हा दुभाष्याचे काम किती नाजूक असते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

या मोडेमचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५६,००० आकडे, म्हणजे बिट, एवढा असे. पाच मेगाबाइटचे एक गाणे उतरवायला पूर्ण वेगानेही सुमारे बारा मिनिटे लागत आणि पूर्ण वेग क्वचितच मिळे. शिवाय इंटरनेट चालू असेपर्यंत फोन अडकून पडे आणि फोनचे बिल वाढत जाई.

मी मालेगावचा. आमचे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. आमच्या मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका होती. ग्रंथपाल चाचा ती सांभाळीत. २००५ साली एका भल्या गृहस्थांनी आपला जुना संगणक अभ्यासिकेला दिला. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. बारावीचा निकाल जवळ आला होता आणि तो इंटरनेटवर पाहता येणार होता. आम्हां मुलांना त्याची काळजी नव्हती. आम्ही सायबर कॅफेत जाऊ शकत होतो. पण तेथील गर्दीत आपल्या मुलींना पाठवायला मोहल्ल्यातील कितीतरी घरे तयार नव्हती. माझी आपाही त्या वर्षी बारावीला होती. अभ्यासिकेत दुपारी दोन ते चार ही वेळ मुलींसाठी राखून ठेवलेली होती. म्हणून चाचांनी मला बोलावून विचारले, "बेटा, निकालाच्या आत इथे इंटरनेट येईल का?"

अडचण अशी होती, की संगणकावर कोणतीच कार्यप्रणाली नव्हती. विकतची घ्यायला पैसे नव्हते. चोरून केलेली नक्कल वापरायला चाचांची तयारी नव्हती. ते म्हणाले, "ज्या जागेत मुले खरे-खोटे शिकतात, त्या जागेत चोरीची चीज नको." तेव्हा मी लिनक्सची सीडी आणली. संगणकविषयक मासिकांबरोबर अशा सीडी मिळत असत.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले, की आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. त्यापूर्वी १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी असा विचार मांडला होता, की संगणकाचे कार्यक्रम सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आले पाहिजेत. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने आपले लिखाण याच अटींवर सर्वांसाठी खुले केले. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ते कसे चालते हे कोणापासूनही लपवलेले नाही. म्हणून त्याला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात.

सीडीवरून लिनक्स तर बसले. पण फोन लागेना. मी अब्बांना सांगितले, की काहीच चालत नाही. ते रात्रपाळीला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "'काहीच चालत नाही' असे कधी नसते. कापड बिघडले म्हणून सारा माग खोलू नये. धागा कुठवर आला, ते आधी पाहावे."

दुसऱ्या दिवशी मी कागदावर कामाच्या पायऱ्या लिहिल्या. संगणकाने मोडेमशी बोलायचे. मोडेमने फोन लावायचा. पलीकडच्या मोडेमने तो उचलायचा. मग आपले नाव व परवलीचा शब्द सांगायचा. तो पटला की इंटरनेटवरील पत्ता मिळायचा. आता पहिल्या पायरीपासून धागा तपासायचा होता.

पहिल्याच पायरीवर तो तुटलेला निघाला. संगणकाच्या आत बसवलेला मोडेम उत्तरच देईना. सीडीवर 'हाऊ-टू' नावाचे इंग्रजी मार्गदर्शक लेख होते. लोकांनी ते स्वखुशीने, काही मोबदला न घेता लिहिलेले होते. शब्दकोश शेजारी ठेवून मी मोडेमवरचा लेख वाचला, तेव्हा कारण कळले. स्वस्त पडावेत म्हणून काही मोडेम अर्धवट बनवीत. आवाज ओळखण्याचे गणित करणारा भाग त्यांच्यात नसे. ते गणित संगणकाकडून करून घेणारा कार्यक्रम निराळा मिळे. आमच्या मोडेमसाठी तो फक्त विंडोजकरिता होता आणि त्याची रचना गुप्त होती. मोडेम बिघडलेला नव्हता. पण त्याची किल्ली आमच्याकडे नव्हती. चाचांनी बाजारात शोध केला. एका दुकानदाराच्या कपाटात बाहेरून जोडण्याचा जुना मोडेम पडून होता. असे मोडेम आपले गणित स्वतःच करीत. दुकानदाराने तो थोडक्या पैशांत दिला.

तो जोडला आणि मी कळफलकावर 'एटी' ही दोन इंग्रजी अक्षरे टाइप केली. एटी म्हणजे 'लक्ष दे'. मोडेमशी बोलण्याची ही पद्धत १९८१ साली हेज या अमेरिकन कंपनीच्या मोडेमपासून रूढ झाली होती. पडद्यावर उत्तर उमटले, 'ओके'. तेवढ्याने मला केवढा धीर आला! पहिली पायरी पार झाली होती.

दुसऱ्या पायरीवर मोडेमने तक्रार केली, 'डायल टोन नाही'. रिसीव्हर कानाला लावला, तर 'टूं' असा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मग मोडेमला तो का ऐकू येऊ नये? लेखात उत्तर सापडले. फोन उचलल्यावरचा हा आवाज देशोदेशी थोडा वेगळा असतो. मोडेम ज्या आवाजाची वाट पाहत होता, तो आपल्याकडचा नव्हता. त्यावर उपाय एका छोट्या आज्ञेचा होता, 'एटीएक्स-३'. तिचा अर्थ असा, की त्या आवाजाची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव. ती आज्ञा दिली आणि मोडेम नंबर फिरवू लागला. पलीकडून शीळ आली. मग खरखर, मग दोन्ही बाजूंनी चिवचिवाट. दोन दुभाषे एकमेकांचा वेग आजमावत होते. पडद्यावर 'कनेक्ट' हा शब्द आला. इतक्यात वीज गेली. त्या वर्षी भारनियमन फार होते. दिवे येईपर्यंत मी आणि चाचा चहा पीत बसलो.

वीज आल्यावर पुन्हा जोडणी झाली, तरी एकही पान उघडेना. येथे लिनक्सची एक चांगली सवय उपयोगी पडली. आपण काय केले आणि काय घडले, हे ते रोजनिशीसारखे एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल कोणालाही वाचता येण्यासारख्या साध्या अक्षरांत असते. मी ती ओळीने वाचली. नाव पटले होते. पत्ताही मिळाला होता. म्हणजे धागा जवळजवळ शेवटपर्यंत आला होता. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. आपण नाव लिहितो आणि 'नामसेवक' नावाचे संगणक त्या नावाचा आकडा शोधून देतात, जसा आपण फोनच्या डिरेक्टरीतून नंबर शोधत असू. सेवा देणाऱ्या कंपनीच्या कागदावर अशा दोन नामसेवकांचे आकडे छापलेले होते. मी त्यांतील एका आकड्याला हाक दिली, तर लगेच उत्तर आले! म्हणजे रस्ता मोकळा होता. फक्त आमच्या संगणकाला डिरेक्टरी कोठे आहे ते माहीत नव्हते. ते दोन आकडे मी ठरलेल्या फाइलमध्ये लिहिले. पुढच्याच मिनिटाला पहिले पान वरून खाली, ओळीओळीने उलगडू लागले.

निकालाच्या दिवशी दुपारी अभ्यासिकेत बसायला जागा नव्हती. आपा एकेकीचा बैठक क्रमांक टाइप करीत होती. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. पान उघडायला वेळ लागे. तेवढा वेळ आत शांतता असे, मग एकदम गलका होई. आपा पास झाली. एक मुलगी मात्र इंग्रजीत नापास झाली. ती भिंतीकडे तोंड करून रडू लागली. मैत्रिणींनी तिला मधोमध बसवले. चाचांनी दाराबाहेरूनच सांगितले, की ऑक्टोबरच्या परीक्षेची माहितीही याच संगणकावर मिळेल. फॉर्म भरायची तारीख ते स्वतः पाहतील. तिने डोळे पुसले. निकाल वाईट होता, पण तो तिने आपल्या माणसांत पाहिला होता. आमच्या खटपटीचा खरा उपयोग मला त्या क्षणी कळला.

तो मोडेम आता कोणाच्या कामाचा नाही. अभ्यासिकेतही आता तारेवाचून इंटरनेट येते. लिनक्स मात्र घरोघरी पोहोचले आहे. तुमच्या घरातील अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशी तेच आहे.

मित्रांनो, तुम्ही सर्वांनीच संगणक शिकावा, असे मी म्हणत नाही. पण गणित सुटेना, मराठीचा एखादा उतारा कळेना, की आपण लगेच म्हणतो, "मला काहीच येत नाही." असे कधी नसते. कागद घ्या. पायऱ्या लिहा. कोठवर येते आणि कोठे अडते, ते पाहा. अडलेली जागा सापडली, की तेवढेच विचारायचे उरते. शिक्षकांना विचारा, मित्राला विचारा, पुस्तकाला विचारा. आणि जे तुम्हांला कळले, ते लपवून ठेवू नका. कोणीतरी न ओळखणाऱ्या माणसांसाठी लेख लिहून ठेवले होते, म्हणून मालेगावच्या एका अभ्यासिकेतील मुलींना त्यांचा निकाल वेळेवर पाहता आला. तुम्ही लिहून ठेवलेली चार ओळींची टिपणेही अशीच कोणाच्या तरी उपयोगी पडतील.