हौसेचे बहुरूपी

आमच्या लहानपणी सुगी उरकली की गावात बहुरूपी यायचा. आज फौजदार, उद्या डॉक्टर. दारात उभा राहून "चला, वॉरंट आहे" म्हणून दरडावायचा. आम्ही पोरे आईच्या पदराआड दडायचो. मग तोच खदखदून हसायचा आणि आई सुपातले दोन पसे जोंधळे त्याच्या झोळीत ओतायची. सोंग हे त्याचे पोट होते. पदरचे पैसे घालून, नुसत्या हौसेने कोणी सोंग घेईल हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

म्हणूनच गेल्या ऑक्टोबरात आमच्या धाकट्याने दुधाच्या बिलातले 900 रुपये सोंगावर खर्च केले, तेव्हा माझे डोके फिरले. त्या पैशात सरकी पेंडीचे अर्धे पोते आले असते. हा मुलगा गावच्या दूध केंद्रावर काम करतो. जाड फोमचे तुकडे, डिंक, पांढरा रंग आणि जुने हेल्मेट घेऊन तो रात्रीचा माळ्यावर काहीतरी कापत बसायचा.

"सोंगाड्या व्हायचं ठरवलंयस काय रं?" मी विचारले.

"सोंग न्हवं, आबा. वाचनालयातल्या पोरांसाठी हाय," तो म्हणाला.

मी चार शब्द जास्तच बोललो. त्यानंतर आठ दिवस आम्ही एका पंगतीला जेवलो, पण एकमेकांशी बोललो नाही. मधल्या मध्ये त्याच्या आईची कुचंबणा.

आता वाचनालयाचे सांगतो. आमचे गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. वाचनालय छोटेसेच, रोज संध्याकाळी दोन तास उघडणारे. मी त्याच्या कमिटीवर आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातही पाणी शिरले आणि हजारो पुस्तके भिजून गेली. तिथे आमची काय कथा! मुलांची पुस्तके मुलांच्या हाताला यावीत म्हणून आम्ही सगळ्यांत खालच्या फळीवर लावली होती. तीच आधी गेली. चिखल काढून आम्ही ती अंगणात वाळत घातली, पण पाने एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या.

पुढे अनुदानातून आणि देणगीतून पुस्तके पुन्हा आली. कपाट भरले, पण मुले आली नाहीत. वर्षभरात मुलांची नऊ पुस्तके बाहेर गेली, असे रजिस्टर सांगत होते. आम्ही मोबाइलला शिव्या दिल्या आणि मोकळे झालो.

15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. तो आपल्याकडे 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. त्या दिवशी धाकट्याने आणि त्याच्या चार मित्रमैत्रिणींनी कार्यक्रम मागून घेतला होता. वाचलेल्या, पाहिलेल्या गोष्टींतली आवडती पात्रे होऊन मुलांपुढे यायचे, गोष्टी सांगायच्या, पैसा घ्यायचा नाही. ही कल्पना त्याला सुचली ती अमेरिकेतल्या एका पलटणीवरून. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट 1977 साली आला. त्यातल्या पांढऱ्या चिलखताच्या शिपायांवर प्रेम करणाऱ्या अल्बिन जॉन्सन नावाच्या गृहस्थाने 1997 साली 'पाचशे एकावी पलटण' काढली. आता देशोदेशी तिचे स्वयंसेवक आहेत. स्वतःच्या खर्चाने पोशाख करतात, इस्पितळांत आणि ग्रंथालयांत मुलांना हसवायला जातात. मोबदला घेत नाहीत. कोणी देऊ केलेच, तर ते धर्मादाय कामाला द्यायला सांगतात.

कार्यक्रमाला मी गेलो तो कमिटीवर आहे म्हणून. एक काटकुळा पोरगा चौकड्यांचा शर्ट घालून सायकलवरून थेट दारात आला आणि जिभेने टॉक असा आवाज काढला. मोठी माणसेच आधी ओरडली, "फास्टर फेणे!" भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश फेणे. माझ्या मुलालाही मी तो याच वाचनालयातून आणून दिला होता, हे मला तेव्हा आठवले.

मग पांढऱ्या चिलखतातला शिपाई आला. तो आमचा धाकटा. त्याला पाहून एका चार-पाच वर्षांच्या पोरीने भोकाड पसरले. सभा गप्प झाली. मी मनात म्हटले, झाली शोभा! त्याने तिच्यापुढे गुडघे टेकले आणि हेल्मेट काढले. आत घामाने निथळणारा दूध केंद्रावरचा दादा! पोरगी डोळे पुसत हसू लागली. मला आमचा फौजदार बहुरूपी आठवला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले. पुढे त्या नाटकांतले राक्षस आरडाओरडा करीत येत आणि पोरे भिऊन पळत. तरी खेळ बघायला परत येत. आधी भीती, मग हसू, हा क्रम इथला जुनाच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गोष्ट संपल्यावर तीच पोरगी म्हणाली, "दादा, ते वरचं पुस्तक दे." त्याने हात वर करून काढून दिले. मग दुसऱ्याने मागितले, तिसऱ्याने मागितले. तो अर्धा तास नुसता वरून पुस्तके उतरवत होता. मी बघत राहिलो. महापुरानंतर पाण्याच्या धास्तीने आम्हीच मुलांची पुस्तके सगळ्यांत वरच्या फळीवर नेली होती. पुस्तके वाचवली आणि मुलांच्या हातून काढून घेतली. शिव्या मात्र मोबाइलने खाल्ल्या.

सातारा जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचे गाव 4 मे 2017 रोजी सुरू झाले. तिथे लोकांनी आपली घरे उघडून पुस्तके हाताशी ठेवली आहेत. कोणीही उचलावे, बसून वाचावे. आम्ही ते बघून आलो होतो. बघितले, पण शिकलो नाही.

त्या संध्याकाळी 23 पुस्तके बाहेर गेली. महिन्याभराने त्यांतली सात मुले नेमाने येत होती. बाकीची आली नाहीत, हेही खरे सांगतो. सातही कमी नाहीत.

रात्री मी धाकट्याला 900 रुपये देऊ केले. "पैसं नकोत, आबा. तेवढ्यात फळ्या आणा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुताराकडे आम्ही दोघे बरोबरच गेलो. आता पुस्तके पुन्हा खालच्या फळीवर आहेत. धरणातून पाणी सोडल्याची वर्दी आली की ती वर न्यायची, त्यासाठी माणसे नेमली आहेत. वर चढायला भक्कम स्टूल केले आहे. पहिले नाव माझेच आहे.