साखर, शिधापत्रिका आणि रुग्णालयातील खिडकी

१/ आरोग्यविम्याचा अर्ज हा आजच्या काळाचा वैताग, अशी आपली समजूत असते. वास्तविक त्याच्या एकेका रकान्यामागे एकेक जुना निर्णय आहे. आमच्या अंकुशनगरच्या निमित्ताने त्यांपैकी काहींविषयी.

२/ १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार व मालक दोघांनी वर्गणी भरायची. आजारपणात उपचार आणि भत्ता मिळायचा.

३/ मात्र हंगामी कारखाने या कायद्याबाहेर होते. हंगामी कोणते, याची यादी कायद्यातच होती: कापसाचे जिनिंग, चहा, कॉफी, नीळ आणि साखर. अंकुशनगरची ओळख समर्थ सहकारी साखर कारखान्याची! ऊसतोड कामगाराचे नाव तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते. तो मुकादमाच्या उचलीला बांधलेला.

४/ २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. जालना त्यांत नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. येथे हप्ता शासन भरते. मग लाभार्थी ओळखायचा कसा?

५/ उत्तर निघाले शिधापत्रिका. मुंबईत १९४३ मध्ये, युद्धकाळात, धान्याचे शिधावाटप सुरू झाले. १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी, पांढरी अशी वर्गवारी आली. पांढरी पत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना जालन्यासह चौदा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर लाभ मिळाला. धान्याचा आणि जमिनीचा कागद असा शस्त्रक्रियेच्या दारापाशी पोहोचला.

६/ आत्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी बसले होते. शिधापत्रिकेवर नावापुढे ‘बाई’ होते, आधारवर नव्हते. पलीकडे एक निवासी डॉक्टर रुग्ण सोडून पूर्वमंजुरीसाठी अहवाल आणि छायाचित्रे संगणकावर चढवीत होता. आत्या म्हणाली, “माझं नाव मी कधी लिहिलंच नाही. ते दोन तऱ्हेचं कुणी केलं?”

७/ तिची दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पण दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेल्या जोडप्याची शिधापत्रिका गावी, म्हाताऱ्यांपाशी असते. फडावर अपघात झाला, तर ती आणायला कोण जाणार?

८/ सार्वजनिक पैशाला हिशेब हवा, म्हणून कागदही हवा. २०२३ मध्ये शासनाने योजना सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पत्रिकेच्या रंगाचे महत्त्व ओसरले. पत्रिका मात्र राहिली. रकाना आखणाऱ्याने फडावरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता का, हे १९४८ च्या यादीला विचारावे आणि आजच्या अर्जालाही.

९/ घरात जुनी शिधापत्रिका असेल, तर आजीचे नाव त्यावर कसे लिहिले आहे ते पाहा आणि येथे अवश्य कळवा.