खोलीभाड्याची ओळ

अंधेरीची नोकरी सोडली आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही तिथेच संपला. आईचं दुखणं वाढलं होतं, म्हणून वसईत घरीच शिकवण्या घ्यायचं ठरवलं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हे मी विचारून घेतलं होतं, पण तो हप्ता शिकवण्यांच्या पैशांत बसेना. सत्तेचाळिशी गाठलेली, बीपीची गोळी रोजची. एकटीपुरता परवडेल असा विमा शोधणं भाग होतं.

आईची सोय आधी झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचं संरक्षण आहे. माझ्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना होती. २०२४ च्या जुलैपासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला ५ लाख आहे. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी हा फार मोठा आधार आहे. मात्र ती ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या रुग्णालयांतच चालते, म्हणून स्वतःची पॉलिसीही हवीच होती.

स्टेशनजवळच्या एजंटाने सगळ्यात कमी हप्त्याचा कागद आधी पुढे केला. विमा २ लाखांचा. आतल्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का. म्हणजे दिवसाला २ हजार. समजा, खोली ४ हजारांची मिळाली. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापते. ६० हजारांचे ३० हजार हातात येतात. औषधांना ही कपात लागत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. हप्त्यात वाचलेले पैसे एका ॲडमिशनमध्ये कितीतरी पटींनी जातात, आणि तेही माणूस खाटेवर असताना.

मग आरोग्य संजीवनी पाहिली. विमा नियामक इर्डाने २०२० मध्ये ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, अटी त्याच. तुलना फक्त हप्त्याची आणि रुग्णालयांच्या यादीची करायची. खोलीभाडं २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार. प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपण भरायचे. सामान्य माणसाला या अटी कळतात, हेच मला मोलाचं वाटलं.

रुग्णालयांची यादी मी पत्त्यांसकट वाचली. एका कंपनीच्या यादीत बरीच नावं बोरिवली-कांदिवलीची निघाली. पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचतं, लोकल बंद पडते आणि हायवेही तुंबतो. अशा रात्री बोरिवलीच्या कॅशलेसचा मला काय उपयोग? वसईतल्याच ज्या रुग्णालयात मी जाईन, तिथे प्रत्यक्ष जाऊन मेडिक्लेमच्या खिडकीवर विचारलं: ही कंपनी इथे चालते का, दोन खाटांच्या खोलीचं भाडं किती? खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं.

आरोग्य संजीवनीचा फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "मॅडम, बीपी लिहू नका, हप्ता वाढेल." मी ऐकलं नाही. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि पैसे बुडतात. लिहिलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, मग तोही धरला जातो. गोळीचं नाव आणि ती सुरू झाल्याचं साल रकान्यात लिहिलं, ५ लाखांच्या विम्यावर खूण केली आणि सही केली.