कोहळ्याचा चहा

आमच्या घरात कोहळा दोनच कामांसाठी यायचा. आजी होती तोवर सांडग्यांसाठी, आणि कुणी नवीन जागा घेतली की दारावर टांगायला. त्याच कोहळ्याच्या पाकात दुधाचा चहा करतात, त्यात बर्फ आणि साबुदाणे टाकतात आणि तो ग्लास बारा दिरहॅमला, म्हणजे पावणेतीनशे रुपयांना विकतात, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दुबईच्या करामा भागात कळलं.

मी डोंबिवलीचा. रोज सकाळी ठाण्याला उतरायचं, प्लॅटफॉर्म बदलून ट्रान्सहार्बर पकडायची आणि ऐरोलीला जाऊन जावा लिहायचं, हे माझं आयुष्य. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तीन महिन्यांसाठी क्लायंटकडे दुबईला पाठवलं. राहायला करामा निवडलं, कारण तिथे भाडं परवडत होतं. आणखी एक कारण होतं, पण ते तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

क्लायंटच्या टीममध्ये एक फिलिपिनो टेस्टर होता. माझे बग शोधून शोधून त्याची माझ्याशी मैत्री झाली. एका शनिवारी तो मला त्याच्या नेहमीच्या कॅफेत घेऊन गेला. कॅफे म्हणायचं म्हणून म्हणायचं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर सहा टेबलं, भिंतीवर पदार्थांच्या फोटोंचा फ्लेक्स, कोपऱ्यात कराओकेचं मशीन. सप्टेंबर सुरू होता आणि छताला चांदण्यांच्या आकाराचे कंदील लटकत होते. स्पीकरवर होझे मारी चान ख्रिसमसची गाणी म्हणत होता. मी कॅलेंडर बघितलं. टेस्टर म्हणाला, ज्या महिन्याच्या नावात शेवटी 'बर' येतं तिथपासून आमचा ख्रिसमस सुरू. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत कंदील न उतरवणाऱ्या घरातून मी आलोय, त्यामुळे मी काही बोललो नाही.

जेवण आलं ते तापलेल्या बिडाच्या तव्यावर, चरचरत. सिसिग. त्यांच्याकडे ते डुकराच्या तोंडाच्या मांसाचं करतात, इथे चिकनचं होतं, बारीक चिरलेलं, वर कच्चं अंडं फोडलेलं. बाजूला भाताची मूद. फिलिपिनो माणूस भाताशिवाय जेवत नाही, आणि तेवढ्यावर मी त्यांना आपलं मानायला तयार होतो. सोबत कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं होतं. त्याचं नाव 'आचारा', आपलं अचारच हे, समुद्रावरून फिरत फिरत तिकडे गेलेलं. गोड सॉसमध्ये सॉसेजचे तुकडे घातलेली स्पॅगेटीही त्यांच्यात फार आवडीची आहे. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

मग बबल टी. बबल टी मूळची तैवानची, १९८० च्या दशकातली. तिथली दोन दुकानं 'आम्हीच पहिले' म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात भांडली, आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की याचं काही पेटंट नाही, तेव्हा पहिलं कोण हे ठरवायची गरजच नाही. फिलिपिन्समध्ये तिला नुसतं 'मिल्क टी' म्हणतात आणि तिथल्या लोकांचा जीव विंटरमेलन या फ्लेवरवर. मी कलिंगडाच्या जवळचं काहीतरी असेल म्हणून मागवलं. चव जरा जळक्या काकवीसारखी. फोनवर शोधलं तर फोटो आला तो थेट आमच्या दारावरच्या कोहळ्याचा.

आईला फोटो पाठवायला लागलो. दुसऱ्या खेपेला हालो-हालो खाल्लं. नावाचा अर्थच 'कालवाकालव'. किसलेला बर्फ, दूध, राजमा, जेली, आणि वर जांभळ्या रंगाचा गोळा. त्या जांभळ्याला ते 'उबे' म्हणतात. इन्स्टाग्रामवर उबेचे केक, उबेची आइस्क्रीमं बघून मला ते काहीतरी परग्रहावरचं फळ वाटायचं. आईचं उत्तर दोन मिनिटांत आलं : 'अरे हे कोनफळ आहे. आजी काचऱ्या करायची. तू तोंड वाकडं करायचास.'

साबुदाण्याचं तर विचारूच नका. बबल टीमधल्या त्या काळ्या गोळ्या कसावाच्या कंदातल्या पिठीच्या. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, तामिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांमधून येणारा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तो उपासाला चालतो, यावर पुराणात काय म्हटलंय ते मी कधी तपासलं नाही. संकष्टीच्या दिवशी आईने फोनवर विचारलं, काय खाल्लंस? मी म्हटलं, साबुदाणा आणि कोहळा. आई खूश झाली. मी खोटं बोललो नव्हतो.

तर मी दर शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसायला लागलो. काउंटरवर एक बाई असायच्या, पस्तिशीच्या. सगळे त्यांना 'आते' म्हणायचे. आते म्हणजे ताई, आणि दादाला कुया. त्या मला 'सर' म्हणायच्या, मी त्यांना 'आते'. आतेभाऊ-आतेबहीण म्हणत मोठा झालेल्या माणसाच्या तोंडात तो शब्द सहज बसला.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना आते एप्रन काढायच्या. केस सोडून पुन्हा बांधायच्या, लिपस्टिक लावायच्या. मग भिंतीजवळच्या एका ठरलेल्या खुर्चीत बसायच्या, जिथे मागे कंदील दिसेल आणि भांड्यांचं सिंक दिसणार नाही. दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, सगळे बोटिम नावाचं ॲप वापरतात. दुबईत पाच म्हणजे फिलिपिन्समध्ये रात्रीचे नऊ. त्यांचा मुलगा झोपायच्या आधीचा कॉल. तिसरीत होता. मला तागालोग कळत नाही, पण दोन-तीन शनिवारांनंतर एवढं कळलं की आतेंचे प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने येतात आणि पलीकडून एका शब्दाची उत्तरं. वीस मिनिटं कॉल चालायचा आणि त्यातली दहा मिनिटं पोरगा कॅमेऱ्यासमोर नसायचाच, छताचा पंखा दिसायचा. आते पंख्याकडे बघत बसायच्या. कट नाही करायच्या.

काउंटरमागे एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका होता. त्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात, घरी परतणाऱ्याचा खोका. परदेशात काम करणारी फिलिपिनो माणसं महिनोन् महिने त्यात एकेक वस्तू टाकत राहतात आणि भरला की बोटीने घरी पाठवतात. त्यात टूथपेस्ट, चॉकलेटं, मांसाचे डबे, टॉवेल होते. एकदा आते मुलाचे बूट ठेवत होत्या. मी विचारलं, मापाचं कसं करता? म्हणाल्या, त्याची आजी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ मारते आणि फोटो पाठवते. 'मग मी एक नंबर मोठा घेते. बोटीला वेळ लागतो ना सर. तोवर पाय वाढतो.'

मी लॅपटॉपकडे बघत बसलो. त्या दिवशी एक ओळ लिहिली नाही.

माझे बाबा २००० ते २००९ दुबईत होते. एसी डक्टिंगच्या एका कंपनीत सुपरवायझर, करामात एका फ्लॅटमध्ये आठ जणांत. भिंतींवर आजही 'बेडस्पेस' भाड्याने असल्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतात, त्यातलीच एक खाट त्यांची. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. दिरहॅमला साडेबारा रुपये मिळत होते, त्यातून मानपाडा रोडवरची आमची जागा झाली. कुटुंबाचा व्हिसा मिळण्याइतका पगार नव्हता. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस यायचे. दुबईत टपाल घरी येत नाही, पी. ओ. बॉक्सवर येतं, त्यामुळे आईच्या पाकिटावर बाबांचं नाव आणि खाली बॉक्स नंबर असायचा. माझे बाबा एका खोक्यात राहतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

फोन शुक्रवारी यायचा, कारण तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारची. (२०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली.) अभ्यास कसा चाललाय? परीक्षा कधी? जोशी बाई काय म्हणतात? आईला त्रास देत नाहीस ना? दर शुक्रवारी हेच, याच क्रमाने. मी 'बरा', 'माहीत नाही', 'काही नाही', 'नाही' म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायचो आणि खाली खेळायला पळायचो. कॉलेजात असताना मित्रांना मी याची नक्कल करून दाखवायचो, कस्टमर केअरवाले बाबा म्हणून. सगळे हसायचे.

आणि बूट. बाबा यायचे तेव्हा टँग, निडो, ॲक्सचं तेल, आईला यार्डलेची पावडर आणि मला बूट आणायचे. नेहमी एक नंबर मोठे. मी पुढे कापूस कोंबून शाळेत जायचो आणि वैतागायचो, की या माणसाला माझा पायसुद्धा माहीत नाही.

१९७४ साली मार्कोसच्या राजवटीत फिलिपिन्सने माणसं बाहेर कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच केलं. आज तिथल्या लोकांनी घरी पाठवलेली रक्कम वर्षाला तीन हजार कोटी डॉलर्सच्या वर जाते. कोराझोन अकिनो यांनी १९८८ मध्ये या लोकांना 'नवे नायक' म्हटलं. आतेंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, नायकाला सुट्टी नसते. आमच्या सोसायटीत बाबांना कुणी नायक वगैरे म्हटलं नाही. 'दुबईवाले' म्हणायचे, आणि गणपतीची वर्गणी जास्त मागायचे.

२००९ मध्ये मंदी आली, बांधकामं थांबली, बाबा परत आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेट्रो सुरू झाली, तिच्यात ते कधी बसलेच नाहीत. मी तेव्हा तेरा वर्षांचा. घरात एक माणूस वाढला आणि तो टीव्हीचा रिमोट कुठे ठेवतात ते विचारत होता. आईला मी आजही 'अगं' म्हणतो, बाबांना 'अहो'. माझ्या बहुतेक मित्रांचं त्यांच्या बाबांशी अरेतुरे आहे. ते अंतर मोडायचं कसं, हे आम्हा दोघांनाही कधी सुचलं नाही.

नोव्हेंबरमध्ये परत आलो. निघायच्या आदल्या दिवशी आतेंनी पैसे घेतले नाहीत.

जानेवारीत एका रविवारी बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी ठाण्याला नेलं. परतताना राम मारुती रोडवर बबल टीचं एक दुकान दिसलं. कोरियन गाणी, निऑनची पाटी, कॉलेजची पोरं. मी म्हटलं, बाबा, चहा घेऊ. त्यांनी पाटीवरचे भाव वाचले आणि स्टेशनबाहेर चांगला मिळतो म्हणाले. तरी बसले. कोहळा नव्हता, साधा घेतला. त्यांनी जाड स्ट्रॉ उलटसुलट करून बघितला. पहिला साबुदाणा तोंडात आल्यावर दचकले.

मी त्यांना त्या कॅफेचं सांगायला लागलो. कोनफळाचं, आचाराचं. त्यांना गंमत वाटली. म्हणाले, आमच्या साइटवर फिलिपिनो ड्राफ्ट्समन होते, शुक्रवारी रात्री गायचे, फार छान गायचे. मग मी आतेंच्या मुलाच्या बुटांचं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. स्ट्रॉने तळाचे साबुदाणे ढवळत राहिले.

मग म्हणाले, 'मी चिठ्ठी करायचो.'

'कसली?'

'फोनची. कार्ड भराभर संपायचं. बूथमध्ये गेलं की काय बोलायचं ते आठवायचं नाही, आणि मागे रांग. मग तुझी आई पत्रात लिहायची ना, तुझ्या बाई कोण, परीक्षा कधी, ते चिठ्ठीवर उतरवून न्यायचो. एक, दोन, तीन, चार.' थोडं थांबून म्हणाले, 'तू पटपट उत्तरं द्यायचास. चिठ्ठी संपायची, कार्ड उरायचं.'

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. मला कॉलेजातली ती नक्कल आठवली, आणि ती करताना मी कपाळाला जशा आठ्या घालायचो तशाच त्या बाबांच्या कपाळावर होत्या.

मला खरं तर त्यांना दुसरंच सांगायचं होतं. कंपनीने दोन वर्षांसाठी दुबईला विचारलंय. पहिलं वर्ष एकट्याने, मग बघू, असं. पगार इथल्या दुपटीहून जास्त. जूनमध्ये आमच्याकडे बाळ येणार आहे. मार्चअखेर उत्तर द्यायचंय. बायको म्हणते, तू ठरव, आणि त्याचा अर्थ मला नीट कळतो. मी ते सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं होतं, आता ते म्हणतील जा, किंवा म्हणतील नको जाऊस. दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं.

बाबांनी ग्लास उचलून उजेडात धरला. चहा संपला होता, तळाशी पंधरा-वीस साबुदाणे उरले होते. काउंटरवर जाऊन त्यांनी चमचा मागून आणला.

'त्या बाईंचा मुलगा कितवीत म्हणालास?'

'तिसरीत होता.'

'म्हणजे जूनमध्ये चौथीत जाईल,' ते म्हणाले, आणि एकेक साबुदाणा चमच्याने काढून खाऊ लागले. तिकडे शाळा कधी सुरू होते ते मलाही माहीत नव्हतं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. ग्लास रिकामा होईपर्यंत आम्ही बसलो, पाच पंचेचाळीसची डोंबिवली लोकल गेली, तरी.