अपडेटचं बटण

कम्पोझर हा पीएचपीचा पॅकेज मॅनेजर घेऊन वर्डप्रेस उभं करणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. आपण लॉक फाइलमध्ये एकेका प्लगइनचं व्हर्जन बांधून ठेवायचं, आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या सरांनी रात्री डॅशबोर्ड उघडून 'अपडेट' दाबायचं. सर्व्हरवर एक, गिटमध्ये दुसरं. पुढच्या डिप्लॉयला जुनी फाइल परत येते, डेटाबेस मात्र नव्या व्हर्जनचा झालेला असतो. मग फोन येतो, "तुम्ही हात लावला अन् साइट गेली."

कम्पोझर 1 च्या काळात शेअर्ड होस्टिंगवर अपडेट चालवलं की मेमरीच संपायची. 2020 मध्ये कम्पोझर 2 आलं, तो त्रास बराच मिटला. बटणाचा मिटला नाही. बेडरॉक हा वर्डप्रेसचा तयार साचा प्रॉडक्शनवर डॅशबोर्डमधून फाइली बदलूच देत नाही, बटणच नाहीसं करतो, म्हणून मी सगळ्यांना तेच देत आलो. "पैसे आमचे, मग बटण कुठंय?" असं कुणी विचारलं की 2016 सांगायचो. मार्च महिन्यात एकानं वैतागून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारावरून लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे प्रोजेक्ट अडले. एप्रिलमध्ये मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दुसऱ्याच्या कोडवर जगणं म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यावर जगणं, आणि ते काय असतं, हे लातूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. गिऱ्हाईक गप्प व्हायचं.

यंदा माझ्या नांदेडच्या ऑफिसात उदगीरची एक मुलगी कामाला लागली. हा किस्सा ऐकून म्हणाली, "सर, तुम्ही नसलात तर यांचे सिक्युरिटी अपडेट कोण टाकणार?"

आमच्याकडं चोरीच्या थीमची झिप टाकून एका दिवसात साइट देणारे खूप झालेत. त्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पण त्यांच्या गिऱ्हाइकाच्या हातात निदान बटण असतं. माझ्या गिऱ्हाइकाकडं फक्त माझा नंबर. आणि खरं सांगू, रात्री अकराला "सर, तुमच्याशिवाय होत नाही" ऐकायला मला आवडतं. कुणी कधी उघडणार नाही त्या कम्पोझर फाइलमधली पॅकेजं मी अकारविल्हे लावतो, तेही त्याच आवडीपोटी.

तिनं परवा मराठीत दोन पानं लिहून दिली: रिपॉझिटरी कुठं आहे, होस्टिंग कुणाच्या नावावर, अपडेट आधी स्टेजिंगवर कसं चालवायचं, मग लॉक फाइल कशी कमिट करायची. गिऱ्हाइकांना पाठवा म्हणाली. काढण्यासारखी एकही चूक मला सापडली नाही. ती पानं अजून माझ्या ड्राफ्टमध्येच आहेत.