डिस्कोवरचा ललत

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला ते हे नाशिक. इथे रागदारीबद्दल कुणाला काही सांगायला जाऊ नये. आमचा दातांचा डॉक्टरदेखील दाढ उपटताना यमन गुणगुणतो. अशा गावात आमच्या भाच्याने भारतीय रागांची तबकडी मागवली ती हॉलंडच्या एका छोट्याशा कंपनीची! येवल्याच्या माणसाने पैठणी लंडनहून मागवावी, तसं.

राग मात्र मुंबईतच वाजवलेले. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं जोडली. एक ताल धरी, दुसरं खर्ज, तिसऱ्यावर ते स्वतः. दहा रागांना डिस्कोचा ठेका! तबकडी काही खपली नाही. पुढे १९८७ त शिकागोच्या पोरांनी त्याच खर्जाच्या यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ काढलं आणि जग नाचलं. मुंबईची तबकडी धूळ खात पडली, ती २००२ त एका डच गृहस्थाला दिल्लीत सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे सत्तरीतले चरणजितजी युरोपात वाजवायला गेले. २०१५ साली ते वारले. आपल्याकडे कौतुकाची मनिऑर्डर नेहमी परदेशातून येते, आणि तीही उशिरा.

भाच्याने रात्री नऊला ललत लावला. आता तात्या भडकणार, म्हणून मी चष्मा सावरून बसलो. तात्या ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “अरे, ललत ही काय रात्रीची वेळ झाली? पहाटे लाव.”

पहाटे पाचला लावला. खालचे शेजारी पाण्याचा पंप बिघडला समजून धावत वर आले, आणि चहा घेऊन दुसरी बाजू संपल्यावर गेले.