बसू दे, मग बोलते

गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी आठवडाभर, आई पडली. तेव्हा इथे लिहिलं नव्हतं, कारण हे पान नातेवाईक वाचतात आणि मग फोन सुरू होतात. (मामी, वाचते आहेस ना? आई आता बरी आहे, आधीच सांगून टाकते.) मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

आमचं मिरजोळ्याचं घर एमआयडीसीच्या पलीकडे. चिऱ्याचं, कौलारू. माजघर आणि पडवी ह्यांच्यामध्ये चांगला वीतभर उंबरठा, आणि पडवीतून दोन पायऱ्या उतरलं की अंगण. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळं धरतं. आई ७४ वर्षांची. दादा-वहिनी तिथेच असतात, पण दोघंही दिवसभर रत्नागिरीत कामावर.

ती पडल्यावर आम्ही सगळेच पोलीस झालो. वहिनीने पायपुसणी उचलली, दादाने न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, पायऱ्या घासून काढल्या. हे सगळं योग्यच होतं. मी पुण्यात बसून काय करणार, तर हुकूम सोडले. हातात काही घेऊन चालू नकोस. परसात जाऊ नकोस. आणि मुख्य म्हणजे चालताना बोलू नकोस! आईने निमूट ऐकलं. आई निमूट ऐकते तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

पूर्वी तिचा फोन म्हणजे एक चालतीफिरती बातमी असायची. बोलता बोलता ती कढईत उलथनं फिरवायची, मांजराला हाकलायची, अंगणातून कुणाला तरी "काय गो, बाजारात काय?" म्हणून ओरडायची. आता फोन उचलला की पहिलं वाक्य, "थांब, बसू दे, मग बोलते." मला वाटलं, वा, शहाणपण आलं!

दिवाळीला गेले तेव्हा पाहिलं. आई भिंतीला हात लावत चालत होती. पावलं आखूड, नजर जमिनीवर. पडण्याआधी डोक्यावर पाचोळ्याचा भारा घेऊन येणारी बाई ही! मनगट जुळलं होतं, चालणं बिघडलं होतं. म्हणून रत्नागिरीत एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने आईला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगितलं. चौदा सेकंद. मग तेच करताना शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितले. एकवीस सेकंद, आणि ९४ नंतर हिशोब आणि पाय दोन्ही एकदमच अडले. परत निघताना दाराकडे चालता चालता तिने सहज विचारलं, "आजी, आज जेवायला काय केलंत?" आई थांबली. "कुळथाचं पिठलं," म्हणाली. मग पुढे चालू लागली. त्या मुलीने ते कागदावर लिहून घेतलं. मला हसू आलं, पिठलं कसलं लिहून घेते?

तिने लिहिलं होतं ते थांबणं. १९९७ साली स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी वृद्धांसाठीच्या निवासांतल्या ५८ जणांना नुसतं चालता चालता बोलतं केलं. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारापैकी दहा जण पडले.

मी शहाणपण म्हणत होते ते हे होतं.

तिने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, पण तसं पूर्णपणे नसतं. वय वाढलं की डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग, तळपायाची जाण, सगळं थोडं थोडं मंद होतं. मग पूर्वी फुकटात होणाऱ्या चालण्यालाही लक्ष मोजावं लागतं. त्यात कुणी काही विचारलं, हातात भरलेलं भांडं आलं, की लक्षाची वाटणी होते आणि कमी पडतं ते पायांना. ह्यावर दोन कामं एकदम करायचीच नाहीत हा उपाय पुरत नाही, कारण घरात रोज दोन कामं एकदमच होत असतात. कुणी हाक मारणारच, कुकरची शिट्टी होणारच. म्हणून सराव दोन्हींचा मिळून करायचा, हळूहळू वाढवत, आणि शेजारी कुणीतरी हात द्यायला हवंच. चष्म्याचा नंबर आणि रक्तदाबाच्या गोळ्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्यायला लावल्या, ते वेगळं.

मी चिकित्सक! घरी येऊन वाचत बसले. एकूण व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, हे २०१९ च्या कॉक्रेनच्या मोठ्या आढाव्यात आहे. त्यात मुख्य वाटा तोल सांभाळायच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. म्हणजे ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, हे आधी. बोलणं-मोजणं त्याच्यावर. आई त्या टाचांना जाम कंटाळते, पण करते.

गंमत पुढेच. पडवीत चालताना काहीतरी म्हणायचं होतं, तर आईने खणखणीत रामरक्षा लावली. पावलं एकदम झोकात! मी खुशीत फिजिओला फोन केला, तर ती म्हणाली, "काकू, ही चीटिंग आहे. पाठ असलेलं चालणार नाही, डोकं लागलं पाहिजे." मग काय द्यावं? आईचं माहेर मलकापूर. एसटीने आयुष्यभर केलेला तो रस्ता. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आंबा, मलकापूर हे तर ती झोपेत सांगेल. मी म्हटलं, उलटं सांग. मलकापूर, आंबा... आणि पाय थांबले. "परतीच्या वाटेला माझं लक्ष कुठे असायचं गो," म्हणाली, "खिडकीला डोकं टेकून रडत तर यायचे."

रोज वीस मिनिटं. कधी पेल्यात पाणी घेऊन, कधी भाजीचा हिशोब करत. एकदा पायाकडे जास्त लक्ष द्यायचं, एकदा हिशोबाकडे, असं बदलत राहायचं. २००९ मधला ह्यावरचा एक अमेरिकन अभ्यास फक्त २३ जणांचा आहे, पण त्यात अशा आलटून-पालटून सरावाचा फायदा तीन महिन्यांनंतरही टिकला होता. जिनिव्हाचा २०११ चा मोठा आहे, १३४ जणांचा. तिथे पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की पावलं बदलायची. आठवड्यातून एक तास, सहा महिने. पडणं निम्म्याहून खाली आलं. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे मंगळागौरच की! गाणं म्हणा, टाळ्या द्या, पायही चालवा. आम्ही रात्र रात्र केलंय, कुणी कागदावर नाही लिहिलं."

आता जे लिहायला बसले ते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई हातात पेला घेऊन पडवीत चालत होती, मी अर्धं पाऊल मागे. गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "त्या दिवशी नक्की कशी पडलीस गं?" आम्हा सगळ्यांना तिने सांगितलं होतं, पायरीवर घसरले. तिचं लक्ष पेल्यातल्या पाण्यावर. म्हणाली, "कशी म्हणजे, तुझा फोन नाही का आला. एका हातात तांदळाचं सूप, फोन मानेत धरलेला, उकडीला पाणी किती ते तुला सांगत होते आणि उंबरठा राहिला."

पाणी सांडलं नाही. पावलंही थांबली नाहीत. थांबले मी.

मला तो फोन आठवतो. मध्येच बंद पडला. पावसात आमच्याकडे रेंज जाते, त्यात नवीन काही नाही. मी अंदाजाने पाणी घेतलं, उकड छान झाली, आणि मी परत फोन केला नाही. रात्री दादाचा आला.

आई भिंतीपर्यंत जाऊन वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "घसरलेच गो मी," म्हणाली, "फोन आपला आला होता एवढंच." मग आम्ही दोघींनी पुढची फेरी न बोलता घातली. फिजिओच्या हिशोबाने ती फुकट गेली.

परवा तिचे सेकंद पुन्हा मोजले. नुसतं चालायला बारा, वजाबाकीसकट पंधरा. दादा म्हणतो उंबरठा काढून टाकू. आई म्हणते आधी मला काढा. त्या वादाचं काय होतंय बघू, तूर्त त्याला पिवळा रंग दिलाय.

रोज संध्याकाळी सातला फोन करते. आता मीच आधी विचारते, हातात काय आहे, कुठे उभी आहेस. वहिनी जवळ असेल तर आई बोलता बोलता पडवीत फेऱ्या घालते आणि मला सपातांचा आवाज येतो. काल तांदळाचा भाव, मांजरीची पिल्लं, मामेबहिणीचं लग्न, सगळं त्या आवाजावर चाललं होतं. मग मी म्हटलं, आई, थोडे दिवस पुण्याला येतेस का राहायला?

आवाज थांबला.

"थांब," म्हणाली, "बसू दे."